फूटबाई आणि शेजारच्या लहरी

त्यांना फूटबाई हे नाव कोणी ठेवलं याचा पत्ता लागत नाही, पण का ठेवलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. विमानतळाच्या यंत्रदुरुस्ती विभागात त्या एकतीस वर्षं एकाच टेबलाशी बसल्या होत्या आणि जगातली कुठलीही लांबी-उंची फुटातच सांगत होत्या. पडद्यांचं कापड घ्यायला गेल्या तरी दुकानदार मीटर म्हणायचा, त्या फूट म्हणायच्या, आणि दोघांच्या हट्टात पडदे खिडकीपेक्षा चार बोटं आखूड व्हायचे. स्वतः बाई पाच फुटांना दोन बोटं कमी होत्या. हा एक आकडा मात्र त्या आपणहून कधी सांगत नसत.

बाईंचं काम होतं विमानाच्या उंचीमापकाचं. विमानाच्या पोटाला खालून दोन चपट्या अँटेना असतात. एक जमिनीकडे रेडिओची लहर सोडते, दुसरी जमिनीवर आपटून परत आलेली लहर ऐकते. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र सांगतं, की खाली जमीन इतक्या फुटांवर आहे. धुक्यात उतरताना वैमानिकाला समोर कापूस पिंजल्यासारखं दिसत असतं, तेव्हा त्याचा सगळा भरवसा या आकड्यावर. आकडा चुकला तर पुढचं कोणी बोलून दाखवत नाही.

खोली क्रमांक सातमध्ये बाई बसत. टेबलावर हिरवा रबरी गालिचा, मनगटाला बांधायचा पट्टा, कारण आपल्या अंगातली वीज यंत्रात शिरली तर यंत्र मरतं, एक भिंग, आणि शेजारच्या मांडणीवर काळ्या केबलची जाडजूड वेटोळी. ही वेटोळी म्हणजे बाईंची जमीन. यंत्र तपासायला दर वेळी विमान थोडंच वर नेता येतं? मग यंत्राने सोडलेली लहर या केबलमधून फिरवून परत त्याच्याच कानात घालायची. तिला यायला जितका उशीर, तितकी जमीन लांब, असं बिचाऱ्या यंत्राला वाटतं. बाईंकडे पन्नास फुटांची जमीन होती, दोनशेची होती, पाचशेचीही होती. वेटोळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. "एवढी जमीन असून बाई नोकरी कशाला करतात?" हा विभागातला जुना विनोद होता आणि तो दर वर्षी कोणीतरी नव्याने करत असे.

दुरुस्त झालेलं यंत्र त्याच तक्रारीसाठी परत आलं, तर वहीत त्याच्यापुढे लाल शाईने 'प' लिहायची पद्धत होती. बाईंच्या वहीत गेल्या एकोणीस वर्षांत एकही 'प' नव्हता. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक प्रशस्तिपत्रक होतं, त्यात 'कल्पक दुरुस्तीबद्दल' असे शब्द होते. ती कल्पक दुरुस्ती कोणती, हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. प्रशस्तिपत्रक वाचायचं नसतं, त्याच्याखाली बसायचं असतं.

अशी सगळी घडी नीट बसलेली असताना शेजारी आले.

हे शेजारी घराचे नव्हते, हवेतले होते. लहरींची जी जागा असते, तिला स्पेक्ट्रम म्हणतात. सरकार जमिनीचे प्लॉट पाडावेत तसे तिचे पट्टे पाडून देतं. उंचीमापकांचा पट्टा फार जुना. त्याच्या शेजारचा पट्टा वर्षानुवर्षं ओसाड होता. मोबाइलचं नवं वेगवान नेटवर्क आलं तेव्हा तो कंपनीला मिळाला. मधे थोडी मोकळी गल्ली सोडलेली होती, म्हणजे कागदावर कोणी कोणाच्या अंगणात पाय ठेवत नव्हतं. कंपनीने विमानतळाच्या कुंपणाबाहेर, कर्मचाऱ्यांच्या कॉलनीच्या पाण्याच्या टाकीवर टॉवर उभा केला. नवा आला म्हणून जुना काढून टाकला. नऊ दिवस कॉलनीत आनंदीआनंद होता. लोक एकाच खोलीत बसून एकमेकांना व्हिडिओ कॉल लावत होते.

दहाव्या दिवशी सकाळी एक बारा आसनांचं विमान उतरत होतं. तीनशे फुटांवर असताना उंचीचा आकडा एकदम गायब झाला. पडद्यावर नुसत्या रेघा. दोन सेकंदांनी आकडा परत आला तो अकराशे. स्वच्छ ऊन होतं, वैमानिकाला धावपट्टी लख्ख दिसत होती. त्याने विमान अलगद उतरवलं, कॉफी घेतली आणि तक्रारीचा फॉर्म भरला.

दुपारपर्यंत टॉवर बंद झाला. संध्याकाळपर्यंत कॉलनी मुकी झाली.

बंद करण्याच्या कागदावर तांत्रिक सल्लागार म्हणून फूटबाईंची सही होती. ते यंत्र ओळखणारं माणूस विमानतळावर दुसरं नव्हतंच. बाईंनी सही डोळे झाकून केली नव्हती. मनापासून केली होती. यंत्र त्यांच्या हातून गेलेलं होतं, त्यात दोष असणं शक्य नव्हतं, तेव्हा दोष शेजाऱ्याचा. दुसऱ्या दिवशीपासून कॉलनीत त्यांच्या नावाचा अर्थ बदलला. आतापर्यंत फूटबाई म्हणजे फूट मोजणाऱ्या बाई होत्या, आता फूट पाडणाऱ्या बाई झाल्या.

कॉलनीत सिग्नल मिळण्याची एकच जागा उरली. 'क' इमारतीच्या गच्चीचा ईशान्य कोपरा. तिथे दूरच्या कुठल्यातरी टॉवरची एक अशक्त रेघ पोहोचायची. कोणीतरी खडूने चौकोन आखला. त्यात उभं राहून, मान डावीकडे वळवून बोललं तर पलीकडच्याला अर्धं ऐकू जाई. चौकोनासाठी रांग लागू लागली आणि रांगेचं वेळापत्रक आलं. ते सुवाच्य अक्षरात लिहून जिन्यात लावणारा माणूस म्हणजे साक्षात फूटबाईंचे यजमान.

यजमान बस आगारात उद्घोषक होते. फलाट क्रमांक आणि गाडीची वेळ सांगण्यात त्यांची हयात गेली होती, आणि निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त व्हायला तयार नव्हता. तो आवाज आता फोनवर लागायचा. दिवसाकाठी सात-आठ मित्रांना 'काय विशेष?' विचारल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. फोन बंद पडल्यावर त्यांनी दोन दिवस कळ काढली, तिसऱ्या दिवशी 'सिग्नल कृती समिती' काढली आणि तिचे सचिव झाले. समितीचं पहिलं निवेदन लिहायला त्यांनी घरातलंच जेवणाचं टेबल घेतलं.

"अगं, हे ऐक जरा," ते सकाळी चहाचा कप सरकवत म्हणाले. "'सदर टॉवरमुळे विमानांना शून्य टक्के धोका असून काही हटवादी अधिकाऱ्यांनी...'"

"शून्य टक्के असं काही नसतं," बाई डबा भरत म्हणाल्या. "'नगण्य' लिहा."

"म्हणजे नगण्य आहे हे तुला मान्य आहे?"

"मला काही मान्य नाही. पण हे निवेदन आमच्याच बैठकीत वाचलं जाणार. तुम्ही चुकीचं लिहिलंत तर माझी मान खाली जाईल."

यजमानांनी 'नगण्य' लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "आणि हटवादी?"

"ते राहू दे. त्यात तांत्रिक चूक काही नाही."

खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मात्र बोलणंच टाकलं. त्यांची बहीण आजारी होती आणि रोज चौकोनात उभं राहून तिची खुशाली विचारावी लागायची. एकदा बाई गच्चीत गेल्या. त्यांची मुलगी दूरच्या शहरात नोकरी करायची आणि रविवारी अकराला फोन करायची. बाई रांगेत उभ्या राहिल्या तशी रांग गप्प झाली. वहिनी मागे न बघता म्हणाल्या, "पुढे जा ना तुम्ही. अधिकारी माणसं तुम्ही." बाई पुढे गेल्या नाहीत. नंबर आला तेव्हा सव्वाबारा झाले होते आणि मुलीचा फोन व्यग्र लागत होता. बाईंना राग आला तो वहिनींचा नाही. टॉवरचाच आला. तो त्यांनी जपून ठेवला आणि सोमवारी बैठकीला नेला.

ही बैठक होती 'सहअस्तित्व समिती'ची. विमानतळ आणि मोबाइल कंपनी यांनी गुण्यागोविंदाने कसं राहावं हे ठरवायला ती नेमली होती. टेबलाच्या एका बाजूला विमानतळाची माणसं बसत, दुसऱ्या बाजूला कंपनीची, आणि बिस्किटंही दोन वेगळ्या बशांत येत. अध्यक्ष होते मोठे साहेब. त्यांनी उभ्या कारकिर्दीत 'हो' किंवा 'नाही' म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं. ते 'नोंद घेऊ' म्हणत. नोंदी घेता घेता ते कनिष्ठ अभियंत्याचे मोठे साहेब झाले होते.

कंपनीच्या बाजूने एक चाळिशीचे, टक्कल पडलेले, पाठदुखीने हैराण झालेले इंजिनियर येत. सगळे त्यांना टॉवरवाले म्हणत. ते खुर्चीत पाठीमागे उशी घेऊन बसायचे आणि दर बैठकीत तेच सांगायचे.

"मॅडम, आमची लहर आमच्या पट्ट्याच्या आत आहे. एक तसूभर बाहेर नाही. हा मोजमापाचा कागद."

"आत असून शेजाऱ्याला त्रास होतोय ना?" बाई म्हणायच्या. "आपल्याच अंगणात उभं राहून कर्णा लावला, तर शेजाऱ्याने काय करायचं?"

"कर्णा नाही लावलेला, मॅडम. साधं बोलतोय आम्ही. तुमच्या यंत्राचाच कान कुंपणाबाहेर आला असेल."

"माझ्या यंत्राचा?"

"नोंद घेऊ," मोठे साहेब म्हणायचे, आणि बैठक संपायची.

अशा तेरा बैठका झाल्या. चार महिने गेले. चौदाव्या बैठकीत समितीच्या नावात 'सहअस्तित्व' एक शब्द की दोन यावर अर्धा तास चर्चा झाली, आणि फूटबाईंच्या डोक्याची शीर तटतटली.

"मंगळवारी अकरा वाजता माझ्या खोलीत या," त्या टॉवरवाल्यांना म्हणाल्या. "तुमचा आवाज घेऊन या. जमीन माझ्याकडे आहे. काय तो सोक्षमोक्ष लावू."

मोठ्या साहेबांनी याचीही नोंद घ्यायला पेन उघडलं, पण तोवर बाई उठून गेल्या होत्या.

मंगळवारी टॉवरवाले एक जड पेटी आणि आपली उशी घेऊन आले. त्या पेटीतून टॉवरची लहर हुबेहूब काढता येत होती, आणि ती कमी-जास्त करायला एक गोल बटण होतं. धावपट्टीच्या टोकाशी टॉवरचा जोर किती भरतो हे दोन्ही पक्षांनी मिळून आधी मोजलं होतं. तेवढा एकच आकडा समितीत बिनविरोध मंजूर झाला होता.

बाईंनी कपाटातून आपलं एक यंत्र काढलं. तक्रार आली होती त्याच जातीचं, बारा आसनी विमानांचं. दोनशे फुटांचं वेटोळं लावलं. पडद्यावर आकडा आला: २००. खिळा ठोकल्यासारखा स्थिर.

"बघा," बाई म्हणाल्या.

"बघतोय," टॉवरवाले म्हणाले आणि त्यांनी बटण फिरवायला सुरुवात केली.

ठरलेल्या जोराच्या निम्म्यावर आकडा २०० होता. पाऊणपट झाल्यावरही २००. बाईंनी खुर्चीत जरा सैल होऊन पाय हलवायला घेतले. ठरलेल्या जोराला टेकता टेकता आकडा २०६ झाला, मग १९१, मग १३४०, आणि मग रेघा.

टॉवरवाल्यांनी बटण मागे घेतलं. आकडा २०० वर आला. पुढे नेलं. रेघा.

"दुसरं लावते," बाई म्हणाल्या. "हे बिघडलेलं असेल." एकोणीस वर्षांत हे वाक्य त्यांनी आपल्या यंत्राबद्दल पहिल्यांदा उच्चारलं. दुसरं लावलं. १८८, ९१०, रेघा. तिसरं लावलं. रेघा. मग त्यांनी मोठ्या विमानांच्या विभागातून एक नव्या जातीचं यंत्र मागवलं. बाई त्या यंत्रांना मनातल्या मनात प्लास्टिकची खेळणी म्हणत. टॉवरवाल्यांनी ठरलेला जोर दिला, दुप्पट दिला, चौपट दिला. खेळणं ढिम्म हललं नाही. २००.

 टॉवरवाल्यांना बोलायची चांगली संधी होती. बाईंच्या तोंडाकडे बघून त्यांनी ती घेतली नाही. ते नुसती उशी पाठीमागे सारखी करत बसले.

बाईंनी मनगटाला पट्टा बांधला, चार स्क्रू काढले आणि यंत्र उघडलं. भिंग लावायची गरज नव्हती, आत काय आहे ते त्यांना पाठ होतं. अँटेनाकडून येणारी लहर आत शिरते त्या तोंडाशी एका छोट्या धातूच्या डबीची जागा होती. डबी नव्हती. तिच्या जागी दोन टोकं जोडणारी तारेची एक छोटी कमान होती. झाकणाच्या आत तारीख होती, आणि खाली बाईंच्या नावाची अक्षरं.

"ही गाळणी होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आपल्या पट्ट्यातली लहर तेवढी आत घ्यायची, बाकीची बाहेर अडवायची. या जातीच्या गाळण्या दमट हवेत तडकायच्या. तडकली की यंत्राला कमी ऐकू यायचं. नवी मागवली तर नऊ महिने. विमानं उभी राहायची. मी म्हटलं, शेजारचा पट्टा ओसाड आहे, गाळायचं काय त्यात? सरळ तार जोडू. ऐकू पण चांगलं येईल. यंत्र बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं, त्यांनी हरकत नाही म्हणून कळवलं. रीतसर मंजुरी घेतली. अकरा यंत्रांना जोडली."

"आणि मग परत आली नाहीत," टॉवरवाले म्हणाले.

"एकही नाही." बाईंनी भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं. "ती कल्पक दुरुस्ती हीच."

टॉवरवाल्यांनी पेटी बंद केली. निघताना दारात थांबून म्हणाले, "मॅडम, त्या वेळी मी असतो तरी हेच केलं असतं."

"त्या वेळी तुम्ही कॉलेजात असाल," बाई म्हणाल्या.

घरी यजमान कृती समितीचं सातवं निवेदन लिहीत होते. या वेळी त्यांनी उपोषणाचा इशारा द्यायचा बेत केला होता, फक्त उपोषण सकाळच्या चहानंतर सुरू करायचं की आधी एवढंच ठरायचं होतं. बाईंनी पर्स टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

यजमानांचा चेहरा आधी फुलला. चार महिने ज्याच्यासाठी रान उठवलं होतं ते आपण होऊन हातात आलं होतं. मग त्यांनी बायकोकडे बघितलं आणि फुललेला चेहरा कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

"मग आता काय करणार?"

"अहवाल लिहिणार."

"तुझं नाव घालून?"

"झाकणावर आहेच की नाव."

"अगं, वेड लागलंय का तुला? दीड वर्षं राहिलंय निवृत्तीला. एकतीस वर्षांच्या नावावर बोळा फिरवणार?" यजमानांचा आगारातला आवाज लागला. "काही लिहू नकोस. टॉवर धोक्याचा आहे असंच लिही. विमानात माणसं असतात शेवटी!"

"आणि तुमची समिती?"

"समिती गेली खड्ड्यात. गच्ची आहे ना बोलायला? मोकळी हवा असते तिथे. चार लोकांची गाठ पडते."

बाईंना हसू आलं. गेले चार महिने हा माणूस टॉवरसाठी भांडत होता, आणि आता टॉवरच्या विरोधात बाईंपेक्षा भक्कम बाजू मांडत होता.

"माणसं असतात म्हणूनच लिहायचं," त्या म्हणाल्या. "टॉवर बंद ठेवला की माझी यंत्रं बरोबर ठरतात. पण ती विमानं इथेच उतरतात थोडीच? जिथे जातील तिथे एक टॉवर असणार. तिथे कोण सही करून बंद करणार? आणि तिथे धुकं असलं तर?"

 यजमानांनी निवेदनाचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूने बाईंपुढे सरकवला. "अक्षर माझं चांगलं आहे. तू सांग, मी लिहितो."

अहवाल चार पानांचा झाला. त्यात टॉवर निर्दोष होता, अकरा यंत्रं दोषी होती, आणि दोष कसा आला, कोणी आणला, कोणत्या तारखेला, हे सगळं स्वच्छ होतं. चौथ्या पानावर मंजुरीच्या जुन्या कागदाची प्रत जोडली होती. दुसऱ्याच दिवशी मोठ्या साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. बाईंना वाटलं, आता हजेरी घेतली जाणार. पण साहेब त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते चौथ्या पानाकडे बघत होते. मंजुरी देणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याची सही तिथे ठळक उमटली होती, आणि एकोणीस वर्षांत सहीचं वळण अजिबात बदललेलं नव्हतं.

"बाई, इतकं तपशिलात जायची गरज होती का?"

"तुम्हीच म्हणता ना साहेब, नोंद घ्यावी म्हणून."

साहेबांनी घाम पुसला. उंचीमापकं उतरवून गाळण्या बसवायलाच हव्यात हे त्यांना लगेच पटलं. पटण्याचा त्यांचा वेग बघून बाईंना आश्चर्यच वाटलं. फक्त भाषा थोडी सौम्य करू, असं ते म्हणाले. त्याच दिवशी ती अकरा यंत्रं असलेल्या विमानांना धुक्यात उतरायला मनाई झाली, आणि आठवड्याने अंतिम अहवाल निघाला. त्यात एक वाक्य होतं: 'काही जुन्या यंत्रांची श्रवणशक्ती अपेक्षेपेक्षा उदार असल्याचे निदर्शनास आले.' चौथं पान गळालं होतं, आणि त्याच्याबरोबर नावं आणि तारखाही. गळती झाली ती एवढीच. बाकी सगळ्या शिफारशी बाईंच्या शब्दांत होत्या. दोष कोणाचा हे कुठेच लिहिलेलं नसल्याने अहवाल एकमताने संमत झाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा बिस्किटं एकाच बशीत आली.

गाळण्या यायला पाच महिने लागले. आता त्या दमट हवेत तडकत नव्हत्या. मधल्या काळात तंत्र सुधारलं होतं. बाईंनी अकराच्या अकरा यंत्रांतली तार स्वतःच्या हाताने कापली, डबी बसवली, आणि मग वही उघडून लाल शाईने अकरा वेळा 'प' लिहिला. तसं करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. उलट लेखनिक म्हणाला, की ही तक्रार नाही, सुधारणा आहे, वेगळ्या रकान्यात जाते. बाई म्हणाल्या, "परत आलं म्हणजे परत आलं." मोठ्या पेटीसह टॉवरवाले प्रत्येक यंत्राच्या तपासणीला हजर राहिले. चौपट जोराला आकडा २०० वर ठाम बसला की दोघं एकमेकांकडे न बघता मान हलवायचे. सहाव्या यंत्राच्या वेळी बाईंनी त्यांच्यासाठी पाठ टेकायची बरी खुर्ची मागवून घेतली.

टॉवर सुरू झाला त्या दिवशी कॉलनीत कृती समितीच्या सचिवांचा सत्कार झाला. फुलांचा गुच्छ, टाळ्या, आणि 'अथक पाठपुराव्यामुळे' वगैरे भाषण. यजमानांना बोलायला सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, आणि हे कॉलनीने पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "हे खरं तर माझं काम नाही, हिचं..." पण तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या तिघांचे फोन एकदम वाजले आणि बाकीचं वाक्य कोणाला ऐकू गेलं नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनी गुच्छ घरी पोचवायला आल्या. त्यांनी बाईंना सांगितलं, "यजमान होते म्हणून झालं हो. नाहीतर तुमच्या ऑफिसने काही होऊ दिलं नसतं." बाईंनी त्यांना चहा दिला. बहिणीची खुशाली विचारली. ती बरी झाली होती.

पुढे वर्षभराने बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात मोठे साहेब त्यांच्याबद्दल इतकं चांगलं बोलले, की बाईंना शंका आली हे आता कुठेतरी बदलून चालले असावेत. तसंच होतं, त्यांना बढती मिळाली होती. खोली सात एका नव्या माणसाकडे गेली. तो मीटरमध्ये बोलायचा.

घरी बसून बाईंना तीन महिने झाले असतील. यजमान खिडकीत उभे राहून फोनवर कोणाला तरी 'काय विशेष?' विचारत होते, तेव्हा बाईंचा फोन वाजला. टॉवरवाले होते. त्यांची बदली दुसऱ्या एका विमानतळाजवळ झाली होती.

"मॅडम, इथे पण तीच कथा आहे. लहान विमानांची जुनी यंत्रं. इथल्या दुरुस्ती विभागात एक गृहस्थ आहेत, सव्वीस वर्षांची नोकरी. म्हणतात, माझ्या यंत्रात दोष निघाला तर मिशी काढीन. उघडूच देत नाहीत. चार बैठका झाल्या."

"फक्त चार?"

"तुम्ही एकदा याल का?"

बाईंनी यजमानांकडे बघितलं. ते फोनवर हात ठेवून खुणेने 'जा' म्हणाले. गुरुवारी सकाळची बस धरून बाई निघाल्या.

तिथली खोली तळमजल्यावर होती. टेबल तसंच, गालिचा निळा. मिशीवाले गृहस्थ यंत्रावर हात ठेवून बसले होते, कोणीतरी ते पळवून नेणार असल्यासारखे. त्यांनी बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"तुम्ही कोणाच्या बाजूच्या? कंपनीच्या की आमच्या?"

"मी निवृत्त आहे," बाई म्हणाल्या.

गृहस्थांनी बसा म्हटलं नाही. बाईंनी कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्यांच्या शेजारी घेतलं आणि बसल्या. "माझ्या अकरा यंत्रांत दोष निघाला," त्या म्हणाल्या. टॉवरवाले दारातच थांबले. दहा मिनिटं झाली असतील. मग गृहस्थांनी ओठ आवळून टेबलाचा खण उघडला, स्क्रू ड्रायव्हर काढला आणि बाईंच्या हातात न देता टेबलावर, दोघांच्या बरोब्बर मधे ठेवला.